गाडीच्या मीटरमधला पंधरा रुपयांचा दिवा

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं हे बोलणं. त्या दिवशी ज्या ताईंना येता आलं नाही त्यांनी विचारलं, म्हणून वार्तापत्रासाठी लिहून काढलं. बोलताना बल्ब हातोहात फिरवला होता, इथे तो शब्दांत सांगावा लागतोय.)



अध्यक्षताईंनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयपत्रिकेत माझा नंबर आहे "आयत्या वेळचे विषय" मध्ये. म्हणजे सगळ्यांना भूक लागल्यावर. तरी ऐका, कारण मी आज योजना सांगणार नाही, फॉर्म भरून घेणार नाही आणि थकीत हप्ता कुणाचा तेही विचारणार नाही.

माझ्या हातात ही वस्तू बघा. हरभऱ्याच्या घाट्याएवढी आहे. काचेची. आत केसाएवढी तार. मागच्या ताईंपर्यंत पाठवा, पण सांभाळून, फुटली तर पायात जाईल. हा आहे मोटारसायकलच्या मीटरमधला बल्ब. गाडीचा वेग दाखवणारा काटा आणि पेट्रोलचा काटा रात्री ज्याच्या उजेडात दिसतो, तो हा. किंमत पंधरा रुपये. या पंधरा रुपयांपायी माझ्या रात्रीच्या बैठका बंद व्हायची वेळ आली होती.

तुम्हाला माहीतच आहे, मी पप्पांची जुनी स्प्लेंडर चालवते. २००८ सालची आहे. पहिल्यांदा वाडीवर आले तेव्हा पोरं मागं पळायची, "बाई मोटारसायकलवर" म्हणून. आता कुणी बघतही नाही. तुमच्या बैठका असतात रात्री आठला, कारण त्याआधी तुमचं दूध, भाकरी, जनावरं उरकत नाही. म्हणजे मला परत निघायला साडेनऊ होतात. कोतूळच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस, आणि उसात काय असतं हे मी अकोले तालुक्यातल्या बायकांना सांगायची गरज नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. मीटरची एक बाजू आधीपासूनच अंधुक होती. मी दुर्लक्ष केलं, जसं आपण सगळ्याच करतो. मग एका आठवड्यात दुसरी बाजूही गेली. रात्री मीटर पूर्ण काळं. वेग दिसेना, पेट्रोल दिसेना. मला वाटलं, चालतंय, रस्ता पाठ आहे. हेडलाइट तर लागतोय.

आता जुन्या गाड्यांना पेट्रोलचा एक कॉक असतो, टाकीच्या खाली, डाव्या हाताला. नेहमीचं पेट्रोल संपलं की गाडी आचके देते, मग आपण तो कॉक रिझर्व्हला फिरवतो आणि पंपापर्यंत जातो. मी आधीच्या वेळी रिझर्व्हवर पंपापर्यंत गेले, पेट्रोल टाकलं आणि कॉक परत फिरवायला विसरले. म्हणजे पुढच्या वेळी गाडी मला इशारा देणारच नव्हती. दिवसा काटा बघून कळलं असतं. रात्री काटा अंधारात. बरोबर उसाच्या मधोमध गाडी बंद पडली. पावणेदहा वाजले होते. त्याच शिवारात आठ दिवसांपूर्वी बिबट्यानं कालवड उचलली होती.

मी मोबाइलचा टॉर्च लावला, मोठ्यानं गाणं लावलं आणि गाडी ढकलत निघाले. गटातल्या एका ताईंना फोन केला. त्या आणि दादा बाटलीत पेट्रोल घेऊन आले. त्या ताई इथे बसल्यात, हसतायत. त्या रात्री नव्हत्या हसल्या. त्यांनी घरी नेलं, चहा पाजला आणि दादांना माझ्या मागे गावापर्यंत पाठवलं.

घरी आई जागी होती. तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी एकच वाक्य सांगितलं, "रात्रीच्या बैठका बंद." पप्पा काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांचंही तेच. आता बघा, माझ्याकडे जेवढे गट आहेत त्यातले निम्म्याहून जास्त रात्रीच बसतात. रात्रीच्या बैठका बंद म्हणजे माझं काम बंद. मी एमएसडब्ल्यू केलं, फील्डवर्कचे किती अहवाल लिहिले, पण गाडीच्या मीटरचा बल्ब कसा बदलतात हे दोन वर्षांत कुणी शिकवलं नाही. तक्रार नाही करत, फक्त सांगते.

मग मी तालुक्याला एका गॅरेजात गेले. गॅरेजवाल्या दादांनी गाडीला हातही लावला नाही. लांबूनच म्हणाले, "मीटर गेलंय. पूर्ण बसवावं लागेल. चौदाशे, मजुरी वेगळी." मी म्हटलं, काटे तर हलतायत. ते म्हणाले, "मॅडम, जुनी गाडी आहे, आत सगळं गंजलं असणार." ते खोटंच बोलत होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढे आठ गाड्या उभ्या होत्या. छोटा बल्ब शोधत बसण्यापेक्षा अख्खा भाग बदलणं त्यांना सोपं जातं, आणि त्यात दोन पैसे सुटतातही. पण चौदाशे रुपये म्हणजे माझा महिन्याचा पेट्रोलखर्च. मी "विचार करून सांगते" म्हणून निघाले.

आपल्या संघात एक ताई पंक्चरचं दुकान चालवतात. बऱ्याच जणी ओळखता. त्यांच्याकडे हवा भरायला थांबले आणि रडगाणं सुरू केलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उघडून बघितलंस का?" मी म्हटलं, नाही. "मग आधी उघडून बघ, रडायचं ते नंतर रड. शिलाई मशीनचा बल्ब गेला तर तू काय नवी मशीन घेतीस व्हय?"

मी घरी गेले आणि रविवारी उघडली गाडी. कसं केलं ते आता सांगते. माझी गाडी स्प्लेंडर आहे म्हणून त्याच्यावरून सांगते. तुमच्या घरची दुसरी असेल तर बोल्ट इकडेतिकडे असतील, पण रीत तीच.

पहिलं म्हणजे दिवसा करा, अंगणात, उजेडात. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर थंड होऊ द्या. चावी काढून खिशात ठेवा. खाली जुनी चादर किंवा गोधडी अंथरा, कारण एखादा बोल्ट मातीत पडला की संपलं, कोंबडी शोधेल तेवढंच. सामान फार नाही लागत. एक दहा नंबरचा पाना, एक पेचकस, थोडा पॉलिश पेपर, कोरडं फडकं. हे सगळं कुणा ना कुणाच्या घरी असतंच.

हेडलाइटच्या भोवती जे प्लॅस्टिकचं मोठं तोंड असतं त्याला गॅरेजात डूम म्हणतात. मीटर त्याच्या वरच बसलेलं असतं. डूमच्या दोन्ही बाजूंचे बोल्ट सोडवले की डूम पुढे झुकतं. ओढू नका. आत वायरींचा गुंता असतो आणि हेडलाइटची वायर त्यालाच जोडलेली असते. एका हातानं डूम धरा, किंवा कुणाला तरी धरायला सांगा. आणि काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढा. लाल वायर कुठं, हिरवी कुठं, बोल्टाखाली वायसर होता की नव्हता, हे आपल्याला लक्षात राहील असं वाटतं, पण राहत नाही.

आता मीटरच्या पाठीमागं, खालून बोटं घातली की छोटे छोटे रबरी बुच हाताला लागतात. प्रत्येकात दोन दोन वायरी गेलेल्या. तेच होल्डर. एक हिरव्या न्यूट्रलच्या दिव्याचा, एक निळ्या डिपरच्या दिव्याचा, इंडिकेटरचे वेगळे, आणि काट्यांवर उजेड पाडणारे वेगळे. रबराला धरून सरळ बाहेर ओढा. वायरीला धरून कधीही ओढू नका. वायर आतून सुटली तर पंधरा रुपयांचं काम दोनशेचं होतं. मीटरच्या मध्यावर जी जाडी केबल येते ती स्पीडोमीटरची, तिला हात लावू नका, तिचं इथं काम नाही.

होल्डर बाहेर आला की टोकाला हा बल्ब दिसतो. याला पितळी टोपी नाही, खालची काच चपटी आहे आणि दोन बारीक तारा तिच्यावर दुमडल्यात. हा सरळ उपटायचा, दात काढतात तसा, फिरवायचा नाही. काही आणखी जुन्या गाड्यांना पितळी टोपीचा बल्ब असतो, त्याला बाजूला दोन खिळे असतात. तो आत दाबून थोडा फिरवायचा, मग निघतो.

बल्ब आभाळाकडं धरून बघा. आतली तार तुटलेली दिसते, किंवा काच आतून काळी झालेली असते. तसं असेल तर तोच दोषी. पण कधी कधी तार अखंड दिसते आणि बल्ब गेलेला असतो, किंवा बल्ब चांगला असतो आणि होल्डरला गंज चढलेला असतो. मग कसं ओळखायचं? हे मला पंक्चरवाल्या ताईंनी शिकवलं आणि मला ते फार आवडलं, कारण त्याला पैसा लागत नाही. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागतोय ना? मग त्याचा बल्ब काढा आणि आकार सारखा असेल तर तो मीटरच्या होल्डरमध्ये घालून बघा. लागला, तर मीटरचा बल्ब गेलेला. नाही लागला, तर दोष होल्डरमध्ये किंवा वायरीत. नवा बल्ब आणायच्या आधीच उत्तर मिळतं.

होल्डरच्या आत पितळेच्या पट्ट्या असतात. माझ्या गाडीत त्यांच्यावर हिरवट बुरशीसारखं साठलं होतं, तांब्याच्या भांड्याला चढतं तसं. पॉलिश पेपरची बारीक सुरळी करून हळूच घासलं. चिंचेनं घासू नका हां, मीटरमध्ये ओल जायला नको.

जुना बल्ब पिशवीत घालून दुकानात न्या. "स्प्लेंडरच्या मीटरचा द्या" एवढंच सांगितलं तर कोणताही मिळू शकतो. बल्बवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आधी व्होल्ट, मग वॅट. माझ्यावर १२ व्होल्ट आणि १.७ वॅट होतं. काही गाड्यांना ३ वॅटचा असतो. जेवढा लिहिलाय तेवढाच घ्या. दुकानदार म्हणाला, "पाच वॅटचा लावा ना, लख्ख दिसेल." लख्ख दिसेल, पण तो जास्त तापतो आणि मीटरचं प्लॅस्टिक वितळतं. मी संगमनेरहून तीन बल्ब आणले, दोन लावायला, एक डिकीत ठेवायला. पंचेचाळीस रुपये झाले.

एलईडी लावावा का, असं एका ताईंनी मला आधीच विचारलंय. तो वीज कमी खातो, तापत नाही, हे खरं. पण त्याला उलटं-सुलटं असतं. एका बाजूनं घातला आणि लागला नाही तर काढून फिरवून घालावा लागतो. आणि माझ्या गाडीसारख्या जुन्या गाडीत तो सावकाश गतीला फडफडतो, डोळ्याला त्रास होतो. कारण आता सांगते, कारण तिथंच माझी फजिती झाली होती.

नवे बल्ब घातले, होल्डर जागेवर दाबले, चावी लावली. अंधार. काहीच नाही. मी म्हटलं झालं, गॅरेजवाले दादा बरोबर होते, मीटरच गेलंय. पंक्चरवाल्या ताईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, "किक मारली का?" मी म्हटलं, बल्ब बघायला किक कशाला? त्या हसत सुटल्या. "अगं किक मार की! मग लाइटचं बटण दाब."

किक मारली, बटण दाबलं, आणि मीटर उजळलं. आई दारात उभी होती, तिनंच आधी बघितलं.

झालं असं की या जुन्या गाड्यांमध्ये हॉर्न, इंडिकेटर, न्यूट्रलचा दिवा हे बॅटरीवर चालतात, पण हेडलाइट, मागचा लाल दिवा आणि मीटरचा उजेड हे थेट इंजिनावर फिरणाऱ्या जनित्रावर चालतात. इंजिन चालू नसेल तर ते लागणारच नाहीत. म्हणूनच गाडी उभी असताना सावकाश गतीला हेडलाइट मंद होतो आणि रेस केली की वाढतो, हे तुम्ही पाहिलं असेल. कितीतरी जण चावी फिरवून बघतात आणि चांगला बल्ब फेकून देतात. एप्रिल २०१७ पासून ज्या नव्या दुचाकी विकल्या जातात त्यांना हेडलाइटचं बंद करायचं बटणच नसतं, इंजिन चालू झालं की दिवा लागतो. तुमच्या घरची गाडी त्यातली असेल तर फक्त इंजिन चालू करून बघा.

आणि हे सगळं डूम बसवण्याच्या आधी बघायचं. आधी लागतंय का बघा, डिपर मारून निळा दिवा बघा, दोन्ही इंडिकेटर बघा, हँडल डावीउजवीकडे पूर्ण वळवून बघा की वायर कुठं ताणत नाही. मगच बोल्ट कसा. रबरी बुच नीट बसले नाहीत तर पावसात मीटरमध्ये पाणी जातं आणि काचेला आतून वाफ धरते. जुना बल्ब कागदात गुंडाळून टाका. उकिरड्यात नुसता टाकला तर खत पसरताना कुणाच्या तरी पायात जाईल.

पहिल्यांदा मला पाऊण तास लागला, त्यातली पंधरा मिनिटं घाबरण्यात गेली. दुसऱ्यांदा वीस मिनिटांत झालं.

आता जरा दुसरी बाजू. सगळं काही पंधरा रुपयांत होतं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. आपल्या एका गटात एका ताईंनी दोन हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं होतं. अर्जावर कारण लिहिलं होतं "गाडी दुरुस्ती". घरचे दादा पहाटे साडेचारला दुधाचे कॅन गाडीवर लावून डेअरीला जातात, त्यामुळं दिव्याशिवाय चालतच नाही. मीटरचा बल्ब जायचा, मागचा लाल दिवा जायचा, मग हेडलाइट. नवा टाकला की पंधरा दिवसांत परत. गॅरेजात सांगितलं, वायरिंग बदला. बदललं. परत बल्ब गेले.

आपण हिशोब केला. दोन हजार, महिना दोन टक्के, दहा हप्ते, दरमहा दोनशे मुद्दल. घटत्या शिल्लकीवर व्याज होतं दोनशे वीस रुपये. म्हणजे बावीसशे वीस भरूनही पहाटे अंधारच. दादा शेवटी हँडलला टॉर्च बांधून जात होते.

खरं कारण होतं रेग्युलेटर, गॅरेजवाले त्याला आरआर म्हणतात. इंजिन जोरात फिरलं की जनित्रातून विजेचा दाब वाढतो, तो आवरून धरायचं काम या डबीचं. ती बिघडली की दाब थेट बल्बवर येतो आणि एकामागून एक बल्ब उडतात. ओळखायची खूण अशी की रेस केल्यावर दिवा एकदम पांढराफटक होतो आणि मग जातो. एकच बल्ब गेला तर बल्ब बदला. तेच तेच बल्ब महिन्यात दोन-तीनदा गेले तर बल्ब बदलत बसू नका, मेकॅनिकला नाव घेऊन सांगा, "रेग्युलेटर तपासा." त्या ताईंनी तसं सांगितलं. जे काम झालं ते वायरिंगच्या निम्म्याहून कमी पैशांत झालं आणि तेव्हापासून बल्ब टिकलेत. पण हे दोन हजारांच्या आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. गटाच्या बैठकीत आपण "कर्ज कशाला?" विचारतो आणि "गाडी दुरुस्ती" ऐकलं की पुढं सरकतो. गाडीचं नेमकं काय झालंय हे मीही तेव्हा विचारलं नव्हतं. वहीत सही माझीच आहे.

आणखी एक. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा सगळं एकदमच बंद पडलं असेल तर बहुतेक फ्यूज गेलेला असतो. तो बॅटरीजवळ बाजूच्या झाकणाखाली असतो. तेवढ्याच अँपिअरचा नवा टाका. त्याच्या जागी तांब्याची तार किंवा सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची पद्धत आहे ना, ती बंद करा. फ्यूज जळतो तो वायरी वाचवायला. तार गुंडाळली की मग वायरीच जळतात, तेही टाकीच्या खाली.

हेडलाइटचा बल्ब बदलायचा झाला तर तो बहुतेक हॅलोजनचा असतो, त्याच्या काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा लागला की तिथं काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. फडक्यानं किंवा कागदानं धरा. मीटरच्या छोट्या बल्बला ही भानगड नाही.

कोणत्या गाडीला हात लावायचा नाही तेही सांगते. ज्या नव्या गाड्यांना आकडे चमकणारं डिजिटल मीटर आहे, त्यांच्या आत बल्ब नसतो, दिवे पट्टीवर डाग देऊन बसवलेले असतात. ते घरी होत नाही. आणि गाडी वॉरंटीत असेल तर उघडूच नका, शोरूमला न्या.

(इथे प्रश्न आले, तेही लिहिते.)

आपल्या पशुसखी ताईंनी विचारलं, स्कूटीचं कसं? स्कूटीला हँडलभोवती प्लॅस्टिकचं कव्हर असतं, त्याला स्क्रू जास्त आणि आतून अडकवलेल्या खुंट्या. जोर केला की खुंटी तुटते आणि मग कव्हर कायम खडखडत राहतं. आतला बल्ब बदलणं तेवढंच सोपं, पण पहिल्यांदा ज्यांनी केलंय अशा कुणाला तरी सोबत घेऊनच उघडा. स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात, कुठला कुठून काढला त्याचाही फोटो ठेवा.

दुसऱ्या ताईंनी विचारलं, पेट्रोलचा काटा उजेडातही हलतच नाही, तर हाच बल्ब का? नाही. काटा दिसत नसेल तर बल्ब. दिसतो पण हलत नसेल तर बहुतेक टाकीतल्या तरंगत्या गोळ्याचं किंवा त्याच्या वायरीचं काम, ते वेगळं.

आणि मागून हळूच एक प्रश्न आला, "आम्ही गाडी उघडली तर मालक काय म्हणतील?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न हसण्यासारखा नाही. गाडी बहुतेक घरी दादांच्या नावावर असते आणि तिला हात लावायचा हक्कही त्यांचाच समजला जातो. लपूनछपून उघडू नका, पहिल्यांदा तर नाहीच. दुधावाल्या त्या ताईंनी काय केलं सांगते. रेग्युलेटर बसल्यावर मागच्या दिव्याचा बल्ब राहिला होता. त्या दादांना म्हणाल्या, "तुम्ही टॉर्च धरा, मी बघते." दादांनी धरला. ते सूचना देत होते आणि ताई पाना चालवत होत्या. काम झाल्यावर दादांनी शेजाऱ्याला सांगितलं, "आम्ही केलं." ताईंचं म्हणणं, आम्ही तर आम्ही, दिवा लागला ना.

माझ्या आईचं विचाराल तर ती अजून रात्री जागी असते. पण बैठका चालू आहेत. अट एवढीच घातलीय की निघताना फोन करायचा, आणि पेट्रोल किती आहे ते काटा बघून सांगायचं.

पुढच्या महिन्याची बैठक नेहमीप्रमाणे अकराला आहे. ज्यांना हे हातानं करून बघायचंय त्यांनी साडेनऊलाच संघाच्या अंगणात या, ऊन चढायच्या आत आपण माझी गाडी उघडू. पंक्चरवाल्या ताई येणार आहेत, पण त्या हात लावणार नाहीत असं त्यांनी बजावलंय, फक्त बघणार. ज्यांच्या घरच्या गाडीचं मीटर काळं आहे त्यांनी गाडीचं नाव आणि साल लिपिकाताईंकडे कागदावर लिहून द्या, जमला तर जुना बल्बही. मी शनिवारी संगमनेरला जाणार आहे, सगळ्यांचे एकदम आणते. पैसे बल्ब हातात पडल्यावर द्या. आणि येताना एक जुनी चादर आणा, मागच्या वेळी माझा एक बोल्ट अंगणात पडला तो अजून सापडलेला नाही.